अप्पांचं शेवटचं आदण

ती. बाबा आणि आई,
सा. न.

पत्र बघून घाबरू नका. मी बरी आहे, घरही बरं आहे, फक्त मोरीतला नळ पुन्हा गळायला लागलाय. फोनच केला असता, पण फोनवर बाबांना निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं 'बरं बरं, आईला देतो' म्हणण्यात जातं. म्हणून मोठ्या अक्षरात लिहिते. आई, तू वाचून दाखवू नकोस, त्यांचं त्यांना वाचू दे.

कोल्हापुरात, मंगळवार पेठेत, आपल्याच स्वयंपाकघरात बसले आहे. रात्रीचे साडेदहा वाजलेत. किल्ली घ्यायला शेजारी गेले तर काकूंनी पिठलं-भाकरी बांधून हातात दिली. 'तुझी आई कवा येणार' हे तीनदा विचारलं.

सुमीचे अप्पा गेल्याचं तुम्हाला दोन दिवस उशिरा कळवलं म्हणून बाबा दादावर चिडलेत, असं कळलं. दादाचा काही संबंध नाही, मीच त्याला सांगू नको म्हटलं होतं. ऑपरेशनला चार दिवस झाले होते, बाबा. तुम्ही 'मला गाडीत घाला' म्हणून हट्ट धरला असता, आणि ठाण्याहून इथवर त्या पायानं तुम्हाला आणायची माझी छाती नव्हती. राग काढायचा तर माझ्यावर काढा. पण तुमच्या वाटणीचंही मी तिथं बसून आले आहे, आणि जे पाहिलं ते सगळं सांगते.

सुमीचा फोन सकाळी सहाला आला. रडत नव्हती. "अप्पा गेले गं. गुऱ्हाळावरच. तू येतीस न्हवं?" एवढंच. मी पुण्याहून पहिली मिळाली ती एसटी धरली. शिवाजी पूल ओलांडून आंबेवाडीच्या पुढे रिक्षा गेली आणि चुलवाणाच्या धुराचा वास आला. दोन्ही बाजूंना ऊस अजून उभा होता. होळी होऊन आठवडा झालेला, हंगाम शेवटाला आलेला. चिखलीच्या त्या रस्त्यावर पूर्वी किती गुऱ्हाळं होती! आता धूर दिसला तो दोन ठिकाणी. बाकीच्यांचे पत्रे उडालेत, रस आटवायच्या काहिली भंगारात गेल्यात. ऊस सगळा कारखान्याला जातो. तिथं निदान तोडणीवाले तरी कारखाना बघतो, इथं पाक बघणारा गुळव्या मिळत नाही आणि जाळ सांभाळणारा चुलव्या मिळाला तर टिकत नाही.

कसं झालं ते मला काकींनी, सुमीच्या आईनं, सांगितलं. पहाटे साडेतीनला रसाचं आदण चढवलं होतं. पहिली मळी निघाली, दुसरी निघाली. अप्पा म्हणाले, जरा टेकतो. चिपाडाच्या ढिगाला पाठ लावून बसले. थोड्या वेळानं चुलव्या पोरानं विचारलं, 'अप्पा, जाळ वाढवू का?' उत्तर आलं नाही. एवढंच. वय चौऱ्याहत्तर. चौऱ्याहत्तराव्या वर्षी माणसानं पहाटे साडेतीनला काहिलीवर उभं राहू नये, हे सुमी दर दिवाळीला सांगायची आणि दर दिवाळीला ते 'ह्यो शेवटचा हंगाम' म्हणायचे.

आता ऐका. रस उकळत होता. बाराशे लिटरचं आदण. मालक म्हणाला, जाळ काढा, जाऊ दे आदण. तेवढ्यात घरून काकी आल्या. अप्पांच्या शेजारी बसल्या, त्यांच्या अंगावरची राख पदरानं झटकली आणि म्हणाल्या, "आदण उतरवा आदी. नासलं तर त्यास्नी खपायचं न्हाई." मग त्या चुलव्या पोरानंच पुढचं केलं. दोन हंगाम तो अप्पांच्या हाताखाली होता, पण पाक त्यानं कधी स्वतः बघितला नव्हता. पाण्यात पाक टाकला, गोळी वळली, आणि ती गोळी सवयीनं अप्पांच्या दिशेला धरली. काकी म्हणाल्या, तेवढं मात्र बघवलं नाही.

आई, तुला आठवतं का, मी सातवीत असताना थंडीत दर शनिवारी सुमीकडे जायचा हट्ट करायचे? तू म्हणायचीस, अभ्यासाला जातेय की गूळ खायला. गूळ खायलाच जायचे. सकाळची शाळा सुटली की सुमी आणि मी सायकलनं चिखलीला. गुऱ्हाळावर पाऊल ठेवलं की अप्पा काहिलीवरून मान न वळवता ओरडायचे, "आली का मंगळवार पेठ? रस द्या रं तिला." माझं नावच ते पडलं. लग्नात आहेराच्या पाकिटावरसुद्धा 'मंगळवार पेठ' असंच लिहिलं होतं.

आपल्याकडे गुऱ्हाळावर आलेल्याला रिकाम्या हातानं पाठवत नाहीत, तो रिवाज सगळीकडचाच. पण अप्पांच्या काहिलीशी मी तासन्‌तास उभी असायचे ती खाण्यासाठी नाही, त्यांचे हात बघायला. रस तापायला लागला की बादलीतलं भेंडीचं पाणी ओतायचे. भाजीची भेंडी नव्हे, बांधावर लावलेली रानभेंडी. तिची खोडं ठेचून भिजवली की बुळबुळीत पाणी निघतं. ते पडलं की रसातली सगळी घाण फेस होऊन वर यायची. लांब दांड्याच्या झाऱ्यानं ते मळी अशी काढायचे की खालचा रस ढवळायचा नाही. मग चुन्याची निवळी. मग नुसतं उकळणं. फेस काठाशी चढला की शेंगतेलाचे दोन थेंब, की फेस मुकाट खाली. मला ती जादू वाटायची. अप्पा म्हणायचे, "जादू कसली, माणसाचंबी असंच हाय. लई चढला की जरा त्याल लावायचं." आणि स्वतःच हसायचे.

घड्याळ नाही, थर्मामीटर नाही. बुडबुड्यांचा आवाज ऐकून सांगायचे, अजून पाव तास. पाक तयार झाला की आठ जण मिळून काहील गूळ निववायच्या वाफ्यात उलटी करायचे, त्या वेळी मात्र आम्हाला कुणी जवळ उभं राहू द्यायचं नाही. एकदा, म्हणजे आम्ही नववीत असताना, कुणाचा तरी पाय घसरला आणि पाक अप्पांच्या उजव्या हातावर आला. पाक हा पाण्यासारखा वाहून जात नाही, कातडीला धरून बसतो. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी सुटली होती. ज्याचा पाय घसरला तो पोरगा थरथर कापत उभा. अप्पांनी हात पाण्याच्या टाकीत बुडवला आणि त्यालाच म्हणाले, "तुला कुठं लागलं का?" हे मी कुणाकडून ऐकलेलं नाही, मी तिथं होते. घरी आल्यावर सांगितलं नाही, कारण तुम्ही जाणं बंद केलं असतं.

ते पोरगं बीडकडचं होतं. आईबाप ऊस तोडायला आलेले, पालात राहायचे. जानेवारीत रात्री थंडी कसली पडते नदीकाठाला! तोडणीवाल्यांची लहान पोरं रात्री चुलवाणाच्या ऊबेला येऊन झोपायची. मालकाला ते आवडायचं नाही, पोर आगीत पडलं तर निस्तरायचं कुणी. अप्पांनी चिपाडाचा एक लांबलचक आडवा थर रचून घेतला, चुलवाणाच्या तोंडापासून दोन हात लांब, आणि त्याच्या पलीकडं पोती अंथरली. मालकाला म्हणाले, चिपाड वाळायला टाकलंय. सगळा हंगाम ते 'वाळायला' टाकलेलं असायचं.

बाबा, आता तुमच्याकडे येते.

तुम्ही मार्केट यार्डात दिवाणजी, आणि अप्पांचा गूळ तुमच्याच अडतीवर यायचा. त्यांची दीड एकर. हंगामात दुसऱ्यांचा गूळ करायचा आणि मधे दोन-तीन आदणं स्वतःच्या उसाची. तीस-तीस किलोचे गुळाचे रवे घेऊन ट्रॅक्टरवर बसून यायचे. आणि दरवेळी सौद्यात त्यांचा गूळ मार खायचा, कारण रंग. पिवळाधमक गूळ एक नंबर, तांबूस दोन नंबर आणि अप्पांचा त्याच्याही खाली. ऊस ९२००५ जातीचा, जमीन काळी, हात असा. सगळं चोख असून भाव नाही, कारण गुजरातच्या व्यापाऱ्याला पिवळा पाहिजे आणि पिवळा करायला हायड्रॉस टाकावा लागतो. चिमूटभर पावडर, की काळवंडलेला पाक सोन्यासारखा.

एका पाडव्याला, मुहूर्ताच्या सौद्यानंतर, अप्पा आपल्या घरी फराळाला आले होते. तुम्ही म्हणालात, "अप्पा, सगळेच टाकतात. थोडी टाका. पट्टी लिहिताना मलाच वाईट वाटतं." ते त्यांच्या भल्यासाठीच म्हणालात, हे तेव्हाही कळत होतं. अप्पांनी करंजीचा तुकडा तोंडात टाकला, माझ्याकडं बोट केलं आणि म्हणाले, "दिवाणजी, ही पोरगी दर शनवारी काठीला लावून चाटती माझा गूळ. हिच्या तोंडात पावडर घालू व्हय?"

ते हसले, आई हसली, मीही हसले. तुम्ही हसला नाहीत. त्यानंतर ते आले की तुम्ही विक्रीची पट्टी लिहायचात, हमाली, तोलाई, अडत वजा करायचात, चहा मागवायचात आणि वर बघायचं टाळायचात. मला ते कसं कळलं? एकदा सुट्टीत तुमचा डबा घेऊन दुकानात आले होते तेव्हा पाहिलं. मग घरी हळूहळू फक्त अप्पांचा गूळ यायला लागला. त्याबद्दल तुम्ही कधी काही बोलला नाहीत. शाहू महाराजांनी 1895 साली गुळासाठी शाहूपुरी वसवली, हे मात्र आम्हाला शंभर वेळा ऐकवलंत.

परवा रक्षाविसर्जन झाल्यावर सुमीनं मला आत बोलावलं. "ह्ये बघ, ट्रंकेत काय गावलं." सुतळीनं बांधलेली पट्ट्यांची चवड. सगळ्या तुमच्या अक्षरातल्या, बाबा. तो तुमचा टाकानं काढल्यासारखा 'श्री', तो खाली ओढलेला सहीचा शेपटा. तुम्ही निवृत्त झालात त्या वर्षापर्यंतच्या. त्यापुढच्या, छापील कॉम्प्युटरच्या, एकही ठेवलेली नाही. त्या कुठं गेल्या विचारलं तर काकी म्हणाल्या, बंब पेटवला त्यांनी.

जपण्याचं एक कारण साधं असेल, तुमच्या पट्ट्यांची मागची बाजू कोरी होती. त्या बाजूला अप्पांचा हिशेब आहे. कामगारांच्या उचली. अमक्याला पाचशे, तमक्याला दोन हजार, लेकीच्या बाळंतपणाला तीन हजार. आणि जवळजवळ प्रत्येकापुढं 'फिटले'. मी म्हटलं, सगळ्यांनी फेडले की गं. सुमी म्हणाली, "कुठलं फिटतंय! ह्यातले निम्मे परत फिरकलेबी न्हाईत. हंगाम संपला की ह्येच बसायचे आणि लिवायचे फिटले म्हणून."

हे ऐकून मला भरून वगैरे आलं, पण काकी तिथंच भाकऱ्या थापत होत्या. त्या वळल्यासुद्धा नाहीत. म्हणाल्या, "माझ्या पाटल्या गेल्या त्यात. त्या न्हाई लिवल्या कुठं." कुणीच काही बोललं नाही. बाबा, अप्पा देवमाणूस होते असं दिवसभर जो तो येऊन म्हणत होता, आणि ते खरंच आहे. पण त्या देवमाणसाचा खर्च कोण चालवत होतं, हे म्हणायला कुणी आलं नाही. मी काकींच्या हातातलं पीठ काढून घेतलं आणि उरलेल्या भाकऱ्या थापल्या. वाकड्या झाल्या. त्या म्हणाल्या, आईनं शिकवलं न्हाई वाटतं. आई, हे तुझ्या नावावर गेलं.

पुराच्या वेळी, 2019 च्या ऑगस्टात, हे सगळे आपल्या घरी अकरा दिवस होते ते आठवतं ना? पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट आणि पाणी पंचावन्नाच्या वर गेलं होतं. चिखलीतून त्यांना बोटीनं काढलं. एक म्हैस दावं तोडून सोडावी लागली, ती पुन्हा दिसली नाही. मी तेव्हा पुण्याहून फोन करायचे आणि आई, तू सांगायचीस, 'अगं, अप्पांना बसवतच नाही.' पहिल्या दिवशी माळ्यावरचा तांब्याचा बंब काढून चिंचेनं लखलखीत केला. दुसऱ्या दिवशी मोरीचा नळ. जेवल्यावर स्वतःचं ताट स्वतः घासायचे आणि तुला संकोचानं मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. रोज सकाळी बाबा आणि ते दोघं पाणी बघायला निघायचे, जिथवर पोलीस सोडतील तिथवर, आणि राधानगरी धरणाचे किती दरवाजे उघडे आहेत ते वाटेत चार जणांना विचारत परत यायचे. त्या अकरा दिवसांत तुम्ही दोघं काय बोलत होता, बाबा? मला कधीच विचारता आलं नाही. आता एकाच बाजूनं कळेल. आल्यावर सांगा.

पाणी उतरल्यावर उभा ऊस कुजला होता. सुमी म्हणते, त्या वासानं आठवडाभर जेवण गेलं नाही. आणि त्या वर्षी दिवाळीला अप्पांनी आपल्याकडे गुळाची ढेप पाठवली, ती कुणाकडून तरी विकत घेऊन. वरती चिठ्ठी होती, 'माझा न्हाई. जपून खावा.'

माझी एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती बरी नाही. गेली तीन वर्षं मी चिखलीला गेले नव्हते. सुमीच्या भावाच्या लग्नाला आले नाही, ऑफिसचं कारण सांगितलं. कारण खरं होतं, पण एवढंही मोठं नव्हतं. मागच्या वर्षी पुण्यात एका चकचकीत दुकानात तांबूस-काळा गूळ पाहिला. 'केमिकल-फ्री' अशी चिठ्ठी आणि भाव साध्या गुळाच्या तिप्पट. फोटो काढून सुमीला पाठवला. पाच मिनिटांत अप्पांचाच फोन. "आयला, म्हंजे माझा गूळ आता फॅशनीत आला म्हण की! दिवाणजीस्नी सांग, आता लिवा म्हणावं एक नंबर." मी हसले आणि सांगायचं विसरून गेले. बाबा, निरोप वर्षभर उशिरा देते आहे. 2014 ला कोल्हापुरी गुळाला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तेव्हाही तुम्ही पेपर घेऊन त्यांच्याकडं गेला होतात आणि त्यांनी विचारलं होतं, 'त्यानं सौदा वाढतोय का?' हे सुमीनं आज सांगितलं. म्हणजे तुम्ही चिखलीला जात होता, आणि घरी बोलत नव्हता.

रक्षा नदीत सोडली नाही. हल्ली गावात तसं करत नाहीत, शेतात टाकतात आणि झाड लावतात. आंबा लावायचा की चिंच यावर भावकीत अर्धा तास गेला. शेवटी आंबा लागला. पण बाकीची रक्षा काकींनी बांधावर पसरली, जिथं अप्पा दर मिरगाला भेंडी लावायचे तिथं. मिरगाला अजून अवकाश आहे. बी फडक्यात बांधून काकींनी कणगीच्या खिळ्याला अडकवलंय. भेंडी उगवली तरी ती ठेचणार कोण, असं सुमीचा भाऊ म्हणाला. त्याला शिरोलीत नोकरी आहे, दीड एकराचा ऊस तो कारखान्याला घालणार. मी त्याला काही बोलले नाही. मी पुण्यात राहून त्याला काय सांगणार? चुलव्या पोरगं मात्र म्हणालं, थोडं बी मला द्या.

आता कामाचं. लाईट बिल भरलंय. आई, लोणच्याची बरणी उघडून पाहिली, बुरशी नाही, वरचं तेल वाढवून ठेवलं. तुझी हिरवी साडी कपाटात नाही. ताईनं नेली असणार, तिला विचार. नळवाला उद्या सकाळी येतो म्हणालाय. अप्पा असते तर... असो.

मी रविवारी महालक्ष्मी एक्सप्रेसनं निघून सोमवारी सकाळी पोहोचते. सोबत एक डबा आहे. त्या शेवटच्या आदणाचा गूळ काकींनी घरोघर वाटला, त्यातला पाव किलो 'दिवाणजीस्नी' म्हणून वेगळा बांधून दिला. पोरानं पाक जरा उशिरा उतरवला, त्यामुळे रंग अप्पांच्या नेहमीच्या गुळाहूनही काळा आलाय आणि कडेला किंचित करपट लागतो. डॉक्टरांनी साखर-गूळ बंद सांगितलंय, ते मला ठाऊक आहे. आई, तू मात्र मधे पडू नकोस, बाबांना नखाएवढा घेऊ दे.

तुमची,
मंगळवार पेठ